तरुण मंडळ काढलंय? मग या चुका टाळा

जून आला की फोन सुरू होतात, "दादा मंडळ काढलंय, वृक्षारोपण ठेवलंय, तुम्ही यायचंच." मी जातो. गावातली वीस-पंचवीस पोरं स्वतःहून काहीतरी करायला उठतात याचं मला खरंच अप्रूप आहे. पण दिवाळीनंतर त्याच गावात चक्कर टाकली की मंडळात चारजण उरलेले, आणि बाकीच्यांना विचारावं तर म्हणतात "तिथं आमचं काय काम?" बरोबरच विचारतात. मंडळानं त्यांना काम दिलेलंच नसतं, नुसतं गर्दीला बोलावलेलं असतं. पोरगं बोलायला लागतं, चारचौघात उभं राहतं ते त्याच्या अंगावर एखादी जबाबदारी टाकल्यावर, आणि ती बिघडली तर लोक आपल्यालाच विचारणार हे त्याला कळल्यावर. हे विसरलं की पुढच्या चुका होतातच.

झाड लावलं, फोटो काढला, विषय संपला

या चुकीची मला सगळ्यात जास्त चीड आहे म्हणून सविस्तर लिहितो.

५ जूनला पर्यावरण दिन, म्हणून झाडं ५ जूनलाच. अरे पण आपल्याकडं ५ जूनला पाऊस कुठं बसलेला असतो? एखादा वळीव होऊन गेलेला असतो, मग दहा-पंधरा दिवस कोरडी उघडीप आणि कोवळं रोप जागच्या जागी करपतं. आमच्या भागातल्या एका मंडळानं असंच माळावर एका दिवसात तीनशे रोपं लावली. मंडप, हारतुरे, ड्रोन, सगळं झालं. मार्चमध्ये अध्यक्ष मला घेऊन गेला, म्हणाला जमीनच हलकी आहे आणि नर्सरीवाल्यानं रोपंही खराब दिली. मी एक वाळकी काडी धरून ओढली तर ती अलगद वर आली, खाली काळी पिशवी जशीच्या तशी आणि आत मुळ्या गोल फिरून फिरून गच्च वळलेल्या. दुसरं उपटलं, तेच. शेजारचं उपटलं, तेच. पिशवी फाडून मग रोप लावायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं कारण पाहुणे यायच्या आत उरकायचं होतं. ज्यांच्या पिशव्या काढल्या होत्या त्यातली बरीच शेळ्यांनी खाल्ली, उरलेली पाण्यावाचून गेली. जमिनीचा काही दोष नव्हता.

तिथं उभ्या असलेल्या पोरांना विचारलं, पाणी घालायचं कुणाकडं होतं? एकजण म्हणाला "सगळ्यांकडं." इथंच ग्यानबाची मेख आहे.

पुढच्या वर्षी त्यांना मी तीसच रोपं लावायला लावली, तीही शाळेच्या कुंपणालगत, जाता-येता नजर पडेल अशी. आणि पाण्याचं सगळं खातं एका पोराकडं दिलं. दहावीत नापास झालेला, मीटिंगमध्ये मागं भिंतीला टेकून बसणारा, घरात कुणी विचारत नाही असा. अध्यक्षाला हे पटलं नव्हतं, त्याला त्याचा भाऊ हवा होता. या पोरानं शंभर पानी वही केली, कुठल्या झाडाला कधी पाणी दिलं, कुणाची पाळी होती, कोण आलं कोण नाही, सगळं त्यात. एप्रिलमध्ये शाळेची बोअर आटली तेव्हा कुणाला न विचारता ग्रामपंचायतीत गेला, ग्रामसेवकापुढं वही उघडून ठेवली आणि आठवड्याला एक टँकर मागितला. वही बघितल्यावर नाही म्हणता येईना. आज तो तालुक्याला पाइप फिटिंगची कामं घेतो आणि गिऱ्हाइकाला खर्चाचा अंदाज लिहून देतो, तशीच वही ठेवून. भाषणं ऐकून त्याच्यात हे आलं असतं असं मला अजिबात वाटत नाही.

माझी सवय अशी आहे: खड्डे एप्रिल-मेमध्येच काढून ठेवायचे, दीड-दोन फुटी, म्हणजे माती उन्हात चांगली तापते. पाऊस दोन-तीनदा नीट झाला की मगच रोप, पिशवी ब्लेडनं कापून, मातीचा गोळा न फोडता. जवळपास जे आपोआप वाढलेलं दिसतं तेच लावायचं, करंज, कडुनिंब, जांभूळ, बहावा. भोवती बोरी-बाभळीच्या काट्या आणि बुडात पालापाचोळा. आणि रोपं किती घ्यायची हे उन्हाळ्यात पाणी घालायला किती हात आहेत त्यावरनं ठरवायचं. किमान दोन उन्हाळे पाणी घालावं लागतं, तीन घातले तर उत्तमच. २०१९ साली सरकारनं ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला होता तेव्हापासून प्रत्येक मंडळाला मोठाच आकडा हवा असतो. पहिल्याच वर्षी हजार झाडं लावायला निघालेल्यांना मी सरळ सांगतो, आधी दहा जगवून दाखवा मग पुढचं बोलू.

पैसे एकाच्याच खिशात

दुसरी मोठी चूक ही. मंडळं भांडणानं फुटतात आणि भांडणाचं मूळ बहुतेक वेळा हिशोबात असतं. माझ्या ओळखीचा एक खजिनदार अत्यंत सरळ माणूस होता. गणपतीची वर्गणी त्याच्याच मोबाईलवर यायची, रोख आलेली त्याच्याच पाकिटात, आणि त्यातूनच तो मांडववाल्याला, स्पीकरवाल्याला द्यायचा, कधी स्वतःचे घालायचा. एका वर्षी कुणीतरी सहज विचारलं किती जमले, आणि त्याला सांगता येईना. त्यानं एक रुपया खाल्ला नव्हता हे मी छातीठोकपणे सांगतो, पण दाखवायला कागद नव्हता. पुढच्या वर्षी त्या आळीत दोन गणपती बसले, आणि तो माणूस आजही कुठल्याच मंडळाच्या दारात जात नाही.

म्हणून वही लिहिणारा वेगळा आणि पैसे सांभाळणारा वेगळा, हे पहिल्या दिवशी ठरवा. वही मी कायम सगळ्यात लहान पोराकडं देतो, सतरा-अठरा वर्षांच्या. रोजच्या रोज जमा-खर्च लिहायचा, पावतीचा नंबर टाकायचा, रात्री पानाचा फोटो ग्रुपवर. पहिल्या आठवड्यात बेरीज चुकते, चुकू द्या, त्यालाच शोधायला लावा. मोठी माणसं लगेच वही ओढून घेतात आणि "आण इकडं, तुला नाही जमायचं" म्हणतात, हे मला सहन होत नाही. ज्या पोरानं एक गणपती हिशोब लिहिलाय त्याला बँकेत स्लिप भरायला कुणाला विचारावं लागत नाही. विसर्जनानंतर पूर्ण हिशोब कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चौकात लावायचा, मांडवाच्या खिळ्यांपर्यंत.

काम वाढणार असेल तर नोंदणी करून घ्या. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, सोबत १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद होते. मग खातं मंडळाच्या नावानं निघतं आणि दोन सह्यांशिवाय पैसे निघत नाहीत. नोंदणी नसताना वर्गणी गोळा करायची तर त्याच कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्या. "कोण बघतंय" म्हणून हे सोडून देणारे पुढं सगळ्यांना अडचणीत आणतात.

बाकीच्या, थोडक्यात

मीटिंग रात्री साडेनऊला चौकातल्या पारावर ठेवायची आणि मग म्हणायचं मुली येतच नाहीत. कशा येतील? रविवारी सकाळी शाळेत ठेवा. आणि आल्या की त्यांना रांगोळी आणि सूत्रसंचालनावर बसवू नका, त्यांनाही वही द्या, परवानग्यांचे अर्ज द्या.

काम सुरू व्हायच्या आधी टी-शर्ट छापू नका.

रक्तदान शिबिरात आकडा वाढवायला सतरा वर्षांची पोरं उभी करणं, हे तर बंदच करा. वय १८ पूर्ण आणि वजन किमान ४५ किलो लागतं, आणि उपाशीपोटी कुणाला झोपवायचं नाही. दोन रक्तदानांच्या मध्ये पुरुषांनी तीन महिने, बायकांनी चार महिने जाऊ द्यायचे. भेटवस्तूचं आमिष दाखवलं की माणूस आजार लपवून रक्त देतो, त्याचा त्रास पेशंटला होतो.

गडावर साफसफाईला जाणाऱ्यांसाठी: बुरुजातून उगवलेला पिंपळ जोर लावून उपटू नका, मुळं सांध्यात शिरलेली असतात, झाडाबरोबर चिरे निघतात. गड संरक्षित असेल तर आधी पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी घ्या, मग टाक्यातल्या गाळाला हात लावा, आणि गाळात घडीव दगड किंवा नाणं सापडलं तर तिथंच थांबून खात्याला कळवा.

पूर आला की जुन्या कपड्यांचा टेम्पो भरून पाठवायचा, हे नको. आधी तिथल्या कुणाशी तरी बोला, काय हवंय विचारा, मग भरा.

एनएसएसवाल्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेतल्या कॉलेजच्या पोरांना एक सांगायचंय. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर, एवढं भरलं की मार्क मिळतात, मान्य. पण गाव बघत बसलंय आणि तुम्ही गटार काढताय, यात गावाचंही काही होत नाही आणि तुमचंही. गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घ्यायचे आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात प्रश्न विचारून विचारून बोलतं करायचे. तुम्हीही संध्याकाळी घरोघर जाऊन बसा, गावातली दहा पोरं दुसऱ्या दिवशी सोबत आली तरच फावडी बाहेर काढा. बाबा आमट्यांनी १९६७ साली चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिथंही भर मे महिन्यात सकाळी घाम आणि नंतर चर्चा असंच चालतं. जमलं तर मंडळातल्या दोघांना तिथं पाठवा, आल्यावर त्यांच्यात फरक दिसतो.

शेवटचा मुद्दा कार्यकर्ते बदलण्याचा. पोरं नोकरीला पुण्याला, चाकणला, मुंबईला जाणारच, त्यावर रुसू नका. जाणाऱ्यानं गोडाऊनची किल्ली, पासबुक, वह्या आणि मांडववाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांचे नंबर नव्या पोराच्या हातात द्यायचे, आणि पुढचा एक कार्यक्रम नव्यानं करायचा, जुन्यानं नुसतं मागं बसायचं. खुर्च्या कमी पडल्या, पाहुणा उशिरा आला, तरी जुन्यानं उठायचं नाही. फक्त रक्तदान आणि पैशाचा व्यवहार या दोन ठिकाणी लगेच मध्ये बोलायचं, तिथं चुकायला मुभा नाही; वहीतली बेरीज चुकली तर ती मात्र त्यालाच शोधू द्यायची.