युद्धक्षेत्रात बातमीला निघण्याआधी

पहिल्यांदा आघाडीवर निघालेले तरुण बातमीदार मला हटकून विचारतात, "बुलेटप्रूफ जॅकेट कुठलं घेऊ?" मी विचारते, "ड्रायव्हरसाठी घेतलंस का?" बहुतेक जण गप्प होतात. युद्धावर एकटं कुणीच जात नाही. गाडी हाकणारा, दुभाष्या, ओळखी काढून देणारा फिक्सर ही माणसं त्याच रस्त्यावर आपल्यासोबत असतात. आपण परततो, ती तिथंच राहतात. म्हणून तयारी करताना सगळं सामान माणशी मोजा: जॅकेट, हेल्मेट, टूर्निकेट (रक्तस्राव थांबवायला हातापायावर पिळून आवळायचा पट्टा), विमा.

जॅकेटचं थोडक्यात सांगते. नुसतं मऊ कवच छर्रे आणि पिस्तुलाची गोळी अडवतं. रायफलच्या गोळीसाठी पुढं-मागं कडक प्लेट लागतात. फ्रीलान्सरला परवडत नसेल तर 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही संस्था जॅकेट आणि हेल्मेट वापरायला देते. छातीवर 'प्रेस' लिहायचं का, हे तिथल्या माणसालाच विचारा. काही ठिकाणी ती अक्षरं वाचवतात, काही ठिकाणी त्यांच्यावरच नेम धरला जातो.

प्रथमोपचार मात्र घाईत शिकायची गोष्ट नाही. २०११ साली लिबियातल्या मिसरातामध्ये छायाचित्रकार टिम हेदरिंग्टन तोफगोळ्याच्या छर्ऱ्यांनी जखमी झाले आणि रक्तस्रावाने गेले. त्यांचे सहकारी सबॅस्टियन युंगर यांनी त्यानंतर फ्रीलान्स बातमीदारांना प्रथमोपचार शिकवणारी संस्था काढली. असं प्रशिक्षण घेतल्याशिवाय निघू नका, आणि फिक्सरलाही ते मिळेल असं बघा. हातापायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या दोन-तीन इंच वर टूर्निकेट बांधायचं, सांध्यावर नाही. रक्त थांबेपर्यंत पीळ द्यायचा. माणूस वेदनेने ओरडेल, तरी थांबायचं नाही. वेळ लिहून ठेवायची आणि डॉक्टरच्या हाती सोपवेपर्यंत ते सैल करायचं नाही. जांघेत किंवा काखेत टूर्निकेट बसत नाही. तिथं जखमेत गॉज ठासून भरायचा आणि दोन्ही हातांनी जोर लावून दाबून धरायचं. टूर्निकेट बांधणं अंधारात, एका हाताने, स्वतःच्याच पायावर करून बघा. टूर्निकेट पिशवीच्या तळाशी नको, दोन्ही हातांना पोचेल असं अंगावर हवं.

कायद्याचं एवढं पाठ असू द्या: जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक करारातलं कलम ७९ पत्रकाराला नागरिक मानतं. सैन्याची रीतसर परवानगी घेऊन त्यांच्यासोबत गेलेला वार्ताहर पकडला गेला तर १९४९ च्या तिसऱ्या करारानुसार त्याला युद्धकैद्याचे हक्क मिळतात. तेव्हा ओळखपत्र जपा. फोटोपुरतीसुद्धा बंदूक हातात घेऊ नका, लष्करी रंगाचे कपडे घालू नका.

सैन्यासोबत गेलात की त्यांचंच जेवता, त्यांच्याच आडोशाला झोपता, आणि त्यांच्याबद्दल माया वाटू लागते. ती वाटू द्या, लिहिताना मात्र डोळे उघडे ठेवा. १८५४ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'चे वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल ब्रिटिश फौजेच्या सोबतीने क्रिमियात होते, आणि त्याच फौजेची अनास्था, जखमी शिपायांचे हाल त्यांनी लिहून पाठवले. मला हा पेशा त्यामुळेच मोठा वाटतो.

रस्त्यावर निघताना आमचा एक नियम असतो: गाडीतला कुणीही एक जण "नको" म्हणाला की गाडी वळते. कारण विचारायचं ते परतल्यावर. ड्रायव्हरला रस्ता कळतो. दुकानं अवेळी बंद, अंगणात पोरं नाहीत, समोरून एकही वाहन येत नाही, एवढं त्याला पुरतं. पैसे देणाऱ्यापुढं तो सहज "नको" म्हणणार नाही. म्हणून निघण्याआधीच सांगून ठेवा, गाडी वळवली तरी दिवसाचे पूर्ण पैसे मिळतील.

साक्षीदाराशी बोलताना "कसं वाटलं?" विचारू नका. कुठं उभे होतात, उजेड होता का, स्वतः काय पाहिलंत, दुसऱ्याकडून काय ऐकलंत, हे वेगवेगळं विचारा. त्याला वेळ द्या. नकोशी वाटणारी शांतताही सोसा. बातमी परदेशात छापली तरी त्याच्या गल्लीतल्या बंदूकधाऱ्याच्या मोबाइलवर ती तासाभरात पोचते. हे त्याला आधी स्पष्ट सांगा, मगच नाव आणि चेहरा वापरायची परवानगी घ्या. कॅमेऱ्यातली लोकेशनची नोंद बंद करा. मागच्या भिंतीवरचा फलक, खिडकीतून दिसणारा मनोरा यांवरूनही घर सापडतं.

परतल्यावर झोप उडणं, फटाक्याने दचकणं होतं. मानसोपचारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन यांच्या २००२ च्या अभ्यासात युद्धवार्ताहरांपैकी सुमारे २९ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी आघातोत्तर तणावविकार झाल्याचं आढळलं. निघण्याआधीच एखाद्या समुपदेशकाशी ओळख करून ठेवा. फिक्सरला आठवड्याने फोन करा, महिन्याने पुन्हा करा. बातमी छापून आल्यावर त्याच्या दारात कुणी चौकशीला आलं होतं का, हे विचारा. आलं असेल तर त्याच दिवशी संपादकाला कळवा आणि फिक्सरच्या कुटुंबाला काही काळ दुसरीकडे हलवण्याचा खर्च मागून घ्या.