अ‍ॅटॉमिक स्वॅप करताना या चुका टाळा

जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण मला एकच विचारतात: एक्स्चेंजच्या हातात नाणी न देता बिटकॉइनचं लाइटकॉइन करता येतं का? येतं, अ‍ॅटॉमिक स्वॅपने. २०१३ मध्ये टियर नोलन यांनी ही रीत मांडली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लाइटकॉइनचे जनक चार्ली ली यांनी आधी डेक्रेडशी, मग बिटकॉइनशी असे सौदे करून दाखवले. यात मध्यस्थ नसतो. पण मध्यस्थाचं काम, म्हणजे मुदत सांभाळणं आणि करार तपासणं, तुमच्याच अंगावर येतं. लोक फसतात ते तिथे.

आधी सौद्याची चाल बघू. तुम्ही ३२ बाइटचं एक गुपित तयार करता आणि त्याच्या हॅशवर (गुपितावरून काढलेल्या, पण ज्यावरून गुपित ओळखता येत नाही अशा ठशावर) आपलं बिटकॉइन कुलूपबंद करता; या कुलपाच्या अटी म्हणजेच करार. गुपित दाखवेल तो समोरचा ते नेईल. ४८ तासांत कोणी नेलं नाही, तर ते तुम्हाला परत घेता येईल. समोरचा त्याच हॅशवर लाइटकॉइन अडकवतो, पण २४ तासांसाठी. तुम्ही गुपित दाखवून लाइटकॉइन उचलता. ते गुपित आता लाइटकॉइनच्या साखळीवर (ब्लॉकचेनवर) उघडं पडलेलं असतं. समोरचा ते वाचतो आणि तुमचं बिटकॉइन उचलतो.

मुदती सारख्या ठेवणं

४८ आणि २४ हे आकडे उगाच नाहीत. दोन्ही मुदती सारख्या असतील तर गुपित हातात असलेला माणूस शेवटच्या मिनिटापर्यंत थांबतो, लाइटकॉइन उचलतो आणि लगेच आपलं बिटकॉइनही परत घेतो. दुसऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. त्यामुळे तुम्ही दुसऱ्या बाजूला असाल तर आपली नाणी अडकवण्याआधी समोरच्याचा करार स्वतः उघडून बघा: हॅश तोच आहे का, पत्ता आपलाच आहे का, मुदत किती आहे, आणि तो व्यवहार पक्का झालाय का. समोरच्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

गुपित फोडताना फी कमी लावणं

ही चूक मला सगळ्यात घातक वाटते, कारण ती करणाऱ्याला आपण चुकलो हे कळतही नाही. गुपित दाखवणारा व्यवहार तुम्ही नेटवर्कवर सोडला, की तो ब्लॉकमध्ये (साखळीत नोंदल्या जाणाऱ्या व्यवहारांच्या गठ्ठ्यात) जाण्याआधीच मेमपूलमध्ये, म्हणजे थांबलेल्या व्यवहारांच्या रांगेत, सगळ्यांना दिसतो. फी कमी पडून तो तिथेच लटकला आणि तेवढ्यात मुदत संपली, तर समोरचा आपली नाणी परत घेऊ शकतो आणि तुमचं गुपित वापरून तुमचीही नेऊ शकतो. २० एप्रिल २०२४ ला, बिटकॉइनच्या हाविंगच्या (नव्या ब्लॉकचं बक्षीस निम्मं होण्याच्या) दिवशी, एका व्यवहाराची सरासरी फी १०० डॉलरच्या वर गेली होती. अशा दिवशी स्वॅप सुरूच करू नका. एरवीही नंतर फी वाढवता येईल अशा पद्धतीनेच व्यवहार पाठवा, आणि मुदतीला काही तासच उरले असतील तर गुपित फोडूच नका, मुदत उलटल्यावर रिफंड घ्या.

रिफंड नाकारला जातो तेव्हा

एका रात्री माझाच स्वॅप फिसकटला. समोरच्याने नाणी अडकवलीच नाहीत. मुदत संपायच्या मिनिटाला मी रिफंड पाठवला आणि नोडने (बिटकॉइन नेटवर्कशी जोडलेल्या प्रोग्रॅमने) उत्तर दिलं: ‘नॉन-फायनल’. पुन्हा पाठवला, तेच. पाऊण तास मी करारातला एकेक बाइट तपासत बसलो. करारात काहीच चूक नव्हती. बिटकॉइन ही मुदत आपल्या घड्याळाशी ताडत नाही, मागच्या ११ ब्लॉकच्या मधल्या वेळेशी ताडतं, आणि ती वेळ साधारण तासभर मागे असते. थोडं थांबून तोच व्यवहार पाठवला आणि तो गेला. तुम्हालाही हे उत्तर आलं तर आधी तासभर थांबा. तरीही जात नसेल तर व्यवहाराचा लॉकटाइम (ज्याआधी तो जाऊ शकत नाही ती वेळ) करारातल्या मुदतीइतका किंवा त्याहून जास्त आहे का ते बघा. सीक्वेन्स या व्यवहारातल्याच दुसऱ्या रकान्याचा आकडा कमाल ठेवला असेल तरीही रिफंड अडतो.

लॉकटाइमचा आकडा ५० कोटींच्या खाली असेल तर तो ब्लॉकचा क्रमांक धरला जातो, त्याच्या वर असेल तर १९७० पासूनचे सेकंद. स्वतः कोड लिहिणारे इथे हमखास मिलिसेकंद टाकतात. तो १३ आकडी आकडा लॉकटाइममध्ये मावतच नाही, म्हणजे त्या कराराचा रिफंड कधीच होणार नाही. नाणी पाठवण्याआधी हा आकडा मोजून घ्या.

करार न जपणं

वॉलेट परत मिळवायचे बारा शब्द लिहून ठेवलेत म्हणून निर्धास्त राहू नका. साखळीवर करार दिसत नाही, फक्त त्याचा हॅश दिसतो. मूळ स्क्रिप्ट (कराराचा कोड) हरवली तर नाणी उचलताही येत नाहीत आणि परतही घेता येत नाहीत. स्क्रिप्ट, अडकवण्याचा व्यवहार, सही केलेला रिफंड आणि गुपित, चारही गोष्टी दुसऱ्या एखाद्या यंत्रावर आधी ठेवा, मगच नाणी पाठवा.

इथेरियमशी स्वॅप असेल तर दोन्हीकडे हॅश एसएचए-२५६ च हवा. तिथे सर्रास वापरला जाणारा केचाक हा हॅश बिटकॉइनच्या स्क्रिप्टला येत नाही. टोकन उचलायला गॅस, म्हणजे इथेरियमवरची फी, लागतो, तेव्हा रिकाम्या खात्यावर स्वॅप घेऊ नका. गुपिताची लांबीही करारातच बांधून घ्या: बिटकॉइन ५२० बाइटपेक्षा मोठा तुकडा स्वीकारत नाही, त्यामुळे ६०० बाइटचं गुपित दुसऱ्या साखळीवर चालेल आणि इथे तुमच्या काही उपयोगाचं राहणार नाही.

ब्रिजला, म्हणजे नाणी एका साखळीवरून दुसरीवर नेणाऱ्या सेवेला, अ‍ॅटॉमिक स्वॅप समजू नका. मार्च २०२२ मध्ये रोनिन ब्रिजच्या ९ पैकी ५ किल्ल्या चोरांच्या हाती लागल्या आणि ६० कोटी डॉलरहून जास्त रक्कम गेली. ब्रिजवर तुम्ही त्या किल्ल्या सांभाळणाऱ्यांवर विसंबलेले असता.

आणि भारतात राहत असाल तर नाण्याच्या बदल्यात नाणं घेणं हीसुद्धा विक्रीच धरली जाते: एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर, आणि जुलै २०२२ पासून ठराविक रकमेच्या वर १ टक्का टीडीएस. मध्ये एक्स्चेंज नसल्याने तो कापणारं कोणी नसतं, दोघांनाच बघावं लागतं. दोन्ही साखळ्यांवरचे व्यवहार क्रमांक आणि त्या दिवशीचा रुपयातला भाव त्याच दिवशी वहीत उतरवा.