मासे आणण्यापूर्वीचा महिना : नवी मत्स्यटाकी कशी तयार करावी

घरात काचेची टाकी आली की त्याच संध्याकाळी तिच्यात मासेही पोहावेत, अशी मुलांची आणि खरे तर मोठ्यांचीही इच्छा असते. माझ्या पहिल्या टाकीच्या वेळी दुकानदाराने टाकी, खडी, पंप आणि चार गोल्डफिश एकाच फेरीत हाती दिले होते. पाणी अगदी नितळ होते, तरीही नवव्या दिवशी टाकीत एकही मासा उरला नाही. पाणी नितळ असणे आणि ते माशांना मानवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळले.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो. त्यात विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून आणखी भर पडते. नदीत किंवा तलावात हा अमोनिया जिवाणू पचवतात. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरा गटातील जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया कल्ले जाळतो आणि नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटवते. नायट्रेट मात्र बेताच्या प्रमाणात मासे सहन करतात. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. म्हणून टाकी तयार करणे म्हणजे मुख्यतः त्यांची वस्ती वसवणे होय, आणि त्याला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात.

जागा, खडी आणि मांडणी

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी काठोकाठ भरल्यास सुमारे 54 लिटर पाणी मावते. काच व खडी धरून हे वजन 70 किलोच्या आसपास जाते, त्यामुळे टीपॉय किंवा भिंतीवरची फळी यासाठी उपयोगाची नाही. आमच्या कोल्हापुरात पेठांतील जुन्या घरांच्या फरश्या बहुधा एका पातळीत नसतात; स्टँडवर पाणसळ ठेवून पातळी तपासावी आणि टाकीखाली थर्माकोलचा पातळ तक्ता घालावा. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर शेवाळ वाढते आणि उन्हाळ्यात पाणी तापते. जागेवर ठेवण्याआधी टाकी गच्चीवर किंवा अंगणात भरून 24 तास गळती पाहावी. साबण मात्र कधीही लावू नये. साधे पाणी आणि मीठ पुरेसे असते.

खडी बादलीत घेऊन, वरचे पाणी स्वच्छ येईपर्यंत, आठ-दहा वेळा धुवावी. तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून बुडबुडे आले तर तिच्यात चुना आहे असे समजावे. अशी खडी पाण्याचा जडपणा वाढवते. आपल्याकडच्या काळ्या बेसॉल्ट दगडाला सहसा ही अडचण येत नाही. खडीचा दीड-दोन इंचांचा थर द्यावा, त्यावर ताटली ठेवून पाणी ओतावे, म्हणजे थर उखडत नाही. फिल्टर आणि हीटरच्या वायरी प्लगच्या खाली लोंबतील अशा सोडाव्यात, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही.

पाणी

शहरात नळाला येणारे पाणी पंचगंगेचे असो वा काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचे, ते क्लोरीन घालूनच येते, आणि क्लोरीनचे कामच जिवाणू मारणे हे आहे. पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवून त्यात एअर पंप चालवल्यास क्लोरीन उडून जाते. घाई असल्यास दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर दिलेल्या प्रमाणात घालावेत. उपनगरांतील बोअरचे पाणी बहुतेकदा जड असते. गप्पी आणि मॉली यांना ते चालते, पण टेट्रा जातीच्या माशांचा विचार असेल तर आधी पाणी तपासून घ्यावे.

जुलै-ऑगस्टमध्ये नवी टाकी सुरू करू नये, असे माझे मत आहे. पावसाळ्यात पाणी गढूळ येते, क्लोरीनची मात्राही वाढवलेली असण्याची शक्यता असते. 2019 आणि 2021 च्या महापुरांत तर उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्याने शहराचा पाणीपुरवठाच बंद पडला होता. जिथे पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तिथे टाकीचे पाणी बदलणे कोणाला सुचणार?

‘जिवंत पाणी’ म्हणून रंकाळा तलावातून घागरभर पाणी आणण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. हे जिवाणू मोकळ्या पाण्यात फारसे राहत नाहीत, ते पृष्ठभागांना चिकटून वाढतात. तलावातून मात्र गोगलगायी आणि परजीवी हमखास येतात. त्यापेक्षा एखाद्या परिचिताच्या जुन्या, निरोगी टाकीतील वापरलेला स्पंज मागून आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवावा. त्याने निम्मा वेळ वाचू शकतो. स्पंज आणताना तो ओला राहिला पाहिजे.

जिवाणूंना खाद्य

जिवाणू वाढायचे तर त्यांना अमोनिया हवा, आणि मासे तर अजून आणायचे नाहीत. सोपा उपाय म्हणजे रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकून ते कुजू देणे. पण त्यात प्रमाण कळत नाही आणि वासही येतो. अधिक काटेकोर उपाय नवसागराचा आहे, म्हणजे कल्हईवाले वापरतात तोच अमोनियम क्लोराइड. मात्र तो प्रयोगशाळेची रसायने विकणाऱ्या दुकानातून शुद्ध स्वरूपात घ्यावा. 50 लिटर पाण्यात अमोनियाचे प्रमाण लिटरमागे 2 मिलिग्रॅम करण्यास सुमारे 0.3 ग्रॅम नवसागर लागतो. इतके बारीक वजन घरी करता येत नाही, म्हणून 3 ग्रॅम नवसागर विरघळवून द्रावण 100 मिलिलिटर करावे आणि त्यातले 10 मिलिलिटर टाकीत घालावे. बाटलीवर ठळक नाव लिहून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

आता फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवावा. दर दोन-तीन दिवसांनी तपासणी किटने अमोनिया आणि नायट्राइट मोजून वहीत लिहावे. अमोनिया शून्याजवळ आला की पुन्हा तेवढीच मात्रा द्यावी. साधारण दुसऱ्या आठवड्यात नायट्राइट चढू लागते आणि कित्येक दिवस खाली येत नाही. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. पाण्याचे तापमान 25 ते 28 अंश असल्यास काम लवकर होते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत 50 वॅटचा हीटर लावावा. पाण्याची आम्लता दाखवणारा पीएच 6.5 च्या खाली उतरल्यास जिवाणू मंदावतात. तेव्हा चिमूटभर खाण्याचा सोडा घालता येतो. पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ दिसले तर घाबरून ते बदलू नये. तो दुधाळपणा आपोआप जातो. वीज तीन-चार तास जाते अशा भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवावा, कारण फिल्टर फार वेळ बंद राहिला तर स्पंजमधील जिवाणू प्राणवायूवाचून मरू लागतात. स्पंज मळला तर नळाखाली न धरता टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा.

अमोनियाची पूर्ण मात्रा दिल्यावर 24 तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, आणि असे लागोपाठ दोन-तीन वेळा घडले, तर टाकी तयार झाली असे मानावे. यानंतरही मासे आणण्याच्या आदल्या दिवसापर्यंत मात्रा चालू ठेवावी, नाहीतर वसलेले जिवाणू उपाशी राहतात. त्या दिवशी, शेवटची मात्रा पूर्ण पचल्याचे मोजून, अर्ध्याहून अधिक पाणी बदलावे, म्हणजे साठलेले नायट्रेट उतरते. पाणी काढण्यापूर्वी हीटर बंद करण्यास विसरू नये. नवे पाणी क्लोरीनमुक्त आणि टाकीतल्या पाण्याइतकेच उबदार असावे. दुसऱ्या दिवशी तीन-चार गप्पी आणावेत; गोल्डफिशसाठी दोन फुटी टाकी लहानच पडते. पिशवी 15-20 मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मासे जाळीने टाकीत सोडावेत आणि पिशवीतील पाणी मोरीत ओतावे.