इंडी गायकावरून दोन पार्ट्या पडल्या की आपलं मत कसं बनवायचं

स्वतःच लिहिणाऱ्या आणि स्वतःच गाणाऱ्या कुठल्याही इंडी, म्हणजे मोठ्या म्युझिक कंपनीशिवाय आपल्या बळावर गाणी काढणाऱ्या, कलाकाराचं नाव काढलं की दोन पार्ट्या पडतातच, एक म्हणते असं लिहिणारं आज दुसरं कोणी नाही, दुसरी म्हणते हा तर डायरीची पानं गिटारवर वाचतोय, आणि ज्याने अजून चार गाणीही नीट ऐकली नाहीयेत तो मधे अडकतो. मला गाण्यातले शब्द जिवापाड आवडतात, त्यामुळे हे भांडण नुसतं ‘भारी’ आणि ‘बकवास’वर संपलं की खरंच वाईट वाटतं.

तर सुरुवातीला शब्द वाचायला जाऊच नका. गाण्याचे शब्द म्हणजे कविता नव्हे, ते चालीत बसवलेले असतात, आणि कागदावर साधी वाटणारी ओळ गळ्यातून आली की पार बदलते. २०१६ मध्ये अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हाही हाच वाद पेटला होता, की गाण्याला साहित्य म्हणायचं का. माझं मत विचाराल तर गाणं आधी कानाने तपासायचं, डोळ्याने नंतर. हेडफोन लावून, हातातलं काम बाजूला ठेवून, एकदा सलग ऐका. संपल्यावर कुठली ओळ डोक्यात राहिली ते लिहून ठेवा, एकही राहिली नसेल तर तेही लिहा.

दुसऱ्यांदा शब्द समोर घेऊन ऐका, आणि इथे घाई करू नका, खरी परीक्षा इथेच आहे. आधी यमक बघा. ट ला ट जोडलाय की यमकामुळे अर्थ पुढे गेलाय? पुढचा शब्द तुम्हाला आधीच कळत असेल आणि तो तिथे फक्त जुळतो म्हणून आला असेल तर ती ओळ कच्ची. मग वजन बघा, म्हणजे बोलताना आपण ज्या अक्षरावर थांबत नाही तिथे चाल उगाच थांबते का, शब्द कोंबलेत का. लांब सुरावर कुठला स्वर आलाय तेही ऐका, ‘आ’वर आवाज मोकळा होतो, उंच पट्टीत ‘ई’ आली की गळा आवळल्यासारखा होतो, आणि चांगला लिहिणारा हे मुद्दाम वापरतो. दुःखाच्या ओळीवर आवाज आवळला तर ते चुकलंय असं लगेच म्हणू नका.

त्यानंतर दुसरं कडवं. पहिलं कडवं आणि ध्रुवपद बऱ्याच जणांना जमतं, दुसऱ्या कडव्यात मात्र माल संपला की कळतं, तेच परत वेगळ्या शब्दांत येतं. ज्याच्या दुसऱ्या कडव्यानंतर तेच ध्रुवपद वेगळं ऐकू येतं तो लिहिणारा माझ्या लेखी पक्का.

‘किती साधं लिहितो’ ही तक्रारही तपासून घ्या, कारण साधं आणि उथळ यात फरक आहे. ‘मी खूप एकटा आहे’ ही नुसती माहिती झाली. ‘सवयीने दोन कप काढले, एक परत ठेवला’ यात शब्द तितकेच साधे आहेत पण माणूस दिसतो. उलट बाजूने, चंद्र, राख, समुद्र सगळं एका ओळीत भरलं म्हणजे खोली येते असंही नाही. ती ओळ एका वाक्यात मित्राला सांगून बघा, सांगताच येत नसेल आणि चालीतही काही जाणवत नसेल तर ते नुसतं धुकं.

आवाजाचा हिशोब वेगळा ठेवा. अमेरिकन गायक-गीतकार डॅनियल जॉन्स्टन १९८० च्या दशकात घरी टेपवर गाणी रेकॉर्ड करून कॅसेट स्वतः वाटायचा, कापरा बारीक आवाज, खरखर, आजही कोणी त्याला अस्सल म्हणतं तर कोणाला दोन मिनिटं ऐकवत नाही, आणि दोघांचं म्हणणं मला समजतं. शक्य असेल तर त्याच गाण्याचं दुसऱ्या कोणी गायलेलं व्हर्जन शोधा. तिथे ते जास्त आवडलं तर तुमचं भांडण गळ्याशी होतं, लिहिण्याशी नाही.

किती विकलं, किती जणांनी ऐकलं हे आकडे मधे आणू नका, ना बाजूने ना विरोधात. इंग्लिश गायक-गीतकार निक ड्रेकचे १९६९ ते १९७२ मध्ये तीन अल्बम आले, विकले गेले अगदी थोडे, १९७४ मध्ये तो २६ व्या वर्षी गेला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं ते फार नंतर. पण म्हणून आज ज्याला कोणी ऐकत नाही तो प्रत्येक जण ग्रेट असंही होत नाही. आणि गाण्यातला ‘मी’ म्हणजे गायकच असं धरून त्याच्या आयुष्यावर घसरू नका, तो ‘मी’ पात्र असू शकतो.

निदान एक अख्खा अल्बम ऐकून, दोनेक आठवडे सोडून, परत ऐका, मला कितीतरी गाणी दुसऱ्या खेपेलाच उलगडलीत. मग बोलायला बसाल तेव्हा मोघम बोलू नका, ओळ दाखवा, ‘इथे मला हे खटकलं’ म्हणा, आणि समोरच्यालाही त्याची ओळ विचारा. त्याने दाखवलेली ओळ तुम्ही नीट ऐकली नव्हती असं वाटलं, तर तिथल्या तिथे गाणं परत लावा.