मार्कअप आधी तपासा, सीएसएस नंतर
वेबपानाची मांडणी अनाकलनीयरीत्या बिघडली, तर सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या शैलीच्या नियमांत, हात घालण्यापूर्वी ते पान वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेच्या मार्कअप व्हॅलिडेटरमधून, म्हणजे पानाची रचना सांगणाऱ्या एचटीएमएल टॅगांतील (मार्कअपमधील) चुका दाखवणाऱ्या साधनातून, तपासून घ्यावे. ब्राउझर चुकीचे एचटीएमएल नाकारत नाही, ते ठरलेल्या नियमांनुसार स्वतःच दुरुस्त करतो, आणि खरी अडचण तिथेच असते. उदाहरणार्थ, परिच्छेदाच्या ‘पी’ टॅगमध्ये ‘डिव्ह’ (मजकुराचा गट करणारा टॅग) लिहिला, तर ब्राउझर ‘डिव्ह’ सुरू होण्याआधीच परिच्छेद बंद करतो आणि शेवटी उरलेल्या बंद टॅगपासून एक नवा, रिकामा परिच्छेद तयार करतो. परिणामी परिच्छेदाला दिलेली शैली ‘डिव्ह’मधील मजकुराला लागत नाही, शिवाय नको असलेली मोकळी जागा दिसू लागते, आणि सीएसएस कितीही चाळले तरी कारण सापडत नाही, कारण ते तिथे नसतेच. मी अशा शोधात तासन्‌तास घालवले आहेत.

पहिल्या ओळीतील डॉकटाइप (पान कोणत्या प्रकारचे आहे हे सांगणारी घोषणा) कधीही गाळू नये. तो नसल्यास ब्राउझर जुन्या पानांसाठी राखलेल्या क्वर्क्स मोडमध्ये जातो, जिथे तक्त्याला बाहेरील अक्षरांचा आकारही वारशाने मिळत नाही. एकच आयडी (घटकाला दिलेले, पानावर एकदाच वापरायचे ओळखनाम) दोनदा वापरल्यास फॉर्ममधील लेबलवर क्लिक करूनही भलत्याच रकान्यात कर्सर जातो. ही चूक व्हॅलिडेटर लगेच दाखवतो. चुका वरून खाली, एकेक करून दुरुस्त कराव्यात, कारण वरचा एक न मिटलेला टॅग खाली अनेक खोट्या चुका दाखवतो. चित्राचा पर्यायी मजकूर (चित्र दिसत नसल्यास त्याऐवजी मिळणारे वर्णन) अर्थपूर्ण आहे की नाही, हे मात्र आपणच वाचून ठरवायचे असते.