घरची साइडकार: या चुका टाळा

साइडकार या कॉकटेलमध्ये जिन्नस तीनच: कोन्याक (फ्रान्सची द्राक्षांची ब्रँडी), संत्र्याची लिकर म्हणजे गोड मद्य, आणि लिंबाचा रस. त्यामुळे एकही हलका निघाला की लगेच कळतं. लोक काटकसर करतात ती नेमकी लिकरवर.

'ट्रिपल सेक' हे खरं तर संत्र्याच्या लिकरचं नाव, पण तेच लिहिलेली सिरपची बाटली स्वस्तात मिळते. तिच्यात अल्कोहोल नसतं, पाक आणि इसेन्स असतो. क्वान्त्रो या खऱ्या लिकरमध्ये अल्कोहोल 40 टक्के असतं, म्हणूनच तिचा गोडवा घशाशी येत नाही. माझ्या भाच्याने पार्टीला हेच सिरप आणलं. पहिला घोट गुळचट लागला. "मावशी, अजून एक लिंबू पिळू?" पिळलं. आंबट झालं म्हणून ब्रँडी ओतली, पातळ वाटलं म्हणून पुन्हा सिरप. तासाभरात एक मोठा जग भरून पेय तयार झालं आणि एकालाही दुसरा ग्लास नको होता. चांगली कोन्याक त्यात वाया गेली, याचं मला अजून वाईट वाटतं. सिरपने बिघडलेलं पेय दुरुस्त होत नाही. ओतून द्या आणि नव्याने करा.

प्रमाणही अंदाजाने घेऊ नका. 1922 साली छापलेल्या कृतीत तिन्ही जिन्नस समभाग आहेत. मला ते फार आंबट-गोड वाटतं. इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशनचं 50 मिली कोन्याक, 20 ट्रिपल सेक, 20 लिंबूरस हे माप मी धरते. ते पिवळ्या लेमनचं आहे. आपलं कागदी लिंबू जास्त झणझणीत, म्हणून मी आधी 15 मिलीच घालते आणि बर्फ टाकण्यापूर्वी चमचाभर चाखते. त्या वेळी पेय जरा जहाल आणि गोडसर लागायलाच हवं, पुढे बर्फाचं पाणी मिसळणार असतं. बाटलीतला लिंबूरस नको. सकाळी पिळून ठेवलेलाही नको.

ब्रँडी घेताना लेबल वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रँड्यांत मळीपासूनचं स्पिरिट असतं. द्राक्षांचीच ब्रँडी असेल तर कोन्याक नसली तरी चालेल.

बर्फ हा माझा दुसरा हट्ट. मटार आणि बोंबलाच्या पिशव्यांशेजारचा उघडा ट्रे काढून लोक शेकरमध्ये (पेय हलवायच्या झाकणाच्या भांड्यात) रिकामा करतात, मग ब्रँडीला नावं ठेवतात. बर्फ झाकणाच्या डब्यात लावा. वितळू लागलेला, पाणी सुटलेला बर्फ घेऊ नका. शेकर गच्च भरा आणि बारा-पंधरा सेकंद जोरात हलवा. चार झटके देऊन हात दुखतो म्हणणाऱ्यांनी सरळ ब्रँडी-सोडा घ्यावा. शेकरबाहेर दव जमून बोटं बधिर झाली की मी थांबते.

ग्लासाच्या काठाला साखर लावताना पिठीसाखर नको, तिचा चिखल होतो. बारीक दाणेदार घ्या आणि फक्त बाहेरून, अर्ध्याच काठाला लावा, म्हणजे ज्याला नको तो दुसऱ्या बाजूने पिईल. ग्लास आधी फ्रीजरमध्ये ठेवा, बारीक गाळणीतून ओता आणि वरून बर्फ टाकू नका.