बिनवरचं लेबल आणि बिनमधला माल : ऑटो पार्ट सप्लायरनं लॉजिस्टिक्सचं ऑडिट कसं पार करायचं

एक दिवस कस्टमरचा मेल येतो, सोबत जाडजूड लॉजिस्टिक्स मॅन्युअल, एक एक्सेल, आणि खाली एक ओळ की पंधरा दिवसात सेल्फ असेसमेंट भरून पाठवा. मालक तो मेल क्वालिटीवाल्याला फॉरवर्ड करतो, क्वालिटीवाला पीपीसीला, म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंगला, पीपीसीवाला डिस्पॅचला, आणि डिस्पॅचच्या पोराला कंपनीचा मेल आयडीच दिलेला नसतो. भोसरीत मशीन शॉपमध्ये इतकी वर्षं डिस्पॅच आणि प्लॅनिंग बघतोय, हे नाटक दर दोन वर्षांनी होतंच, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून ठेवावं.

आधी हे कागद कुठले ते समजून घ्या. आयएटीएफ १६९४९, म्हणजे वाहन उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड, तर तुमच्याकडे असेलच, २०१६ला जुन्या टीएस १६९४९च्या जागी आलेलं. लोकांना वाटतं ते फक्त क्वालिटीचं आहे, पण त्यात डिलिव्हरी परफॉर्मन्स, प्रीमियम फ्रेट (जादा खर्चाची वाहतूक), फिफो (आधी आलेला माल आधी बाहेर), ट्रेसेबिलिटी (कुठला माल कुठे गेला याचा माग), आणीबाणीचा प्लॅन हे सगळं आहे. त्याच्यावर कस्टमरच्या स्वतःच्या अटी, म्हणजे सीएसआर, आणि त्याचं लॉजिस्टिक्स मॅन्युअल. तिसरं म्हणजे एमएमओजी एलई, लॉजिस्टिक्सच्या सेल्फ असेसमेंटची प्रश्नावली, अमेरिकेतली एआयएजी आणि युरोपातली ओडेट या वाहन उद्योगाच्या दोन संघटनांनी मिळून काढलेली, फोर्ड रेनॉ वगैरे कस्टमर हे मागतात, आणि टियर वन, म्हणजे गाडी कंपनीला थेट माल देणाऱ्या कंपन्या तेच खाली आपल्यासारख्यांकडे ढकलतात. त्यात सहा चॅप्टर : स्ट्रॅटेजी, कामाची रचना, कपॅसिटी आणि प्लॅनिंग, कस्टमरशी व्यवहार, प्रॉडक्शनचं कंट्रोल, आणि आपल्या सप्लायरशी व्यवहार. प्रत्येक प्रश्नाला एफ१, एफ२ किंवा एफ३ असं वजन असतं, आणि एफ३ मधला एक जरी राहिला तरी ए लेव्हल विसरा, बाकी कितीही मार्क असू देत. त्यामुळे एक्सेल उघडलं की वरपासून भरत सुटू नका, फिल्टर लावून आधी एफ३ बघा.

पण खरं सांगू का, हे सगळं वाचलं की शेवटी एकच गोष्ट उरते. शेड्यूलमधला आकडा, बिनमधला (बिन म्हणजे माल भरून पाठवायचा क्रेट) आकडा, लेबलवरचा, एएसएनमधला (एएसएन म्हणजे माल निघाल्याची कस्टमरला जाणारी आगाऊ सूचना), इनव्हॉइसवरचा आणि स्टोअरच्या सिस्टिममधला आकडा हे सगळे एकच पाहिजेत. ऑडिटर फिरून फिरून हेच तपासतो. हे जुळलं तर फाईल थोडी कच्ची असली तरी चालून जातं, आणि हे नाही जुळलं तर फाईलला सोन्याचं कव्हर घाला, काही उपयोग नाही.

आता शेड्यूलपासून सुरू करू, कारण निम्मी चूक तिथेच होते. इडीआयवर (कस्टमरच्या कॉम्प्युटरमधून थेट आपल्या कॉम्प्युटरमध्ये) किंवा पोर्टलवर जे डेलफोर, म्हणजे डिलिव्हरीचं शेड्यूल, येतं त्यात पुढच्या काही आठवड्यांचा आकडा असतो, जवळचा भाग फर्म म्हणजे पक्का आणि लांबचा टेंटेटिव्ह म्हणजे अंदाजी. कुठपर्यंत फर्म धरायचं आणि कुठपर्यंतच्या कच्च्या मालाची जबाबदारी कस्टमर घेतो हे करारात वाचून ठेवा, नाहीतर मॉडेल बंद झालं की गोडाऊनमधलं कास्टिंग तुमच्याच गळ्यात. दुसरं म्हणजे क्युम, आजवरच्या मालाची एकूण बेरीज, हे नव्या पोरांना कोणी शिकवतच नाही. समजा कस्टमरच्या कागदावर त्याला आजवर मिळालेला माल ४८,००० आहे, गुरुवारपर्यंत त्याला एकूण ५२,४०० पाहिजेत. नवा पोरगा वजाबाकी करतो आणि ४,४०० ची गाडी भरतो. अरे पण आपण आजवर पाठवलेत ५१,२००, म्हणजे ३,२०० रस्त्यात किंवा त्याच्या गेटवर उभे आहेत, जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची त्याच्याकडची नोंद, व्हायचीय. पाठवायचेत फक्त १,२००. जास्तीचा माल गेला की तो गेटवरून परत येतो, नाहीतर तिथे पडून राहतो आणि ओव्हर डिलिव्हरी म्हणून रेटिंगमधून मार्क जातात. रिजेक्शनचा माल परत आला की तोही क्युममधून वजा झाला का ते बघायचं, आणि क्युम कधी शून्य होतो हे कस्टमरला लेखी विचारायचं. दर सोमवारी सकाळी दोन्हीकडचे क्युम फोन करून जुळवायचे, माझ्या मते दहा मिनिटांच्या या कामानं जेवढी भांडणं वाचतात तेवढी कुठल्या सॉफ्टवेअरनं वाचत नाहीत.

अजून एक आपल्या इकडचं. पुणे पट्ट्यात गुरुवारची सुट्टी, पण कस्टमर साणंद नाहीतर चेन्नईला असेल तर त्याचा गुरुवार चालू असतो. शेड्यूलमध्ये गुरुवारचा आकडा दिसला की बुधवारी रात्री धावपळ, हे दर आठवड्याला होत असेल तर तो प्लॅनिंगचा दोष आहे, एकदा बसून कस्टमरच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर सिस्टिममध्ये टाका. एमएमओजीमध्ये कपॅसिटीचा जो भाग आहे त्यात हेच विचारतात, की आलेला फोरकास्ट तुम्ही तुमच्या मशीनच्या तासांशी, माणसांशी ताडून बघता का, आणि नाही जमणार असं दिसलं तर कस्टमरला आधी कळवता का. आधी कळवलेलं लेट आणि न कळवलेलं लेट यात जमीन अस्मानाचा फरक पडतो.

पॅकिंगकडे या. पॅकिंग स्टँडर्ड शीटवर कस्टमरची सही पाहिजे, त्यात एका बिनमध्ये किती नग, किती थर, मध्ये सेपरेटर कुठला, भरलेल्या बिनचं वजन किती, पॅलेटवर किती बिन, सगळं. एका बिनमध्ये ४० म्हणजे ४०च, ४१ नाही. "एक जास्त दिलाय, काय बिघडतं" म्हणणारा सुपरवायझर मला दर कंपनीत भेटलाय. बिघडतं ना, कस्टमरची लाइन बिन मोजून चालते, नग मोजून नाही. अर्धवट बिन जाऊ द्यायचाच नाही, फारच अडलं तर तोंडी नाही, मेलवर परवानगी घेऊन आणि लेबलवर खरा आकडा टाकून. गंज हा आपल्याकडचा कायमचा पाहुणा, जून ते सप्टेंबर मशीन केलेला पार्ट नुसत्या हातानं उचलला तरी दोन दिवसात बोटांचे ठसे उमटतात, म्हणून ग्लोव्ह्ज, रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल आणि गंज रोखणारी व्हीसीआय बॅग तोंड बंद करून. बॅग उघडी ठेवून वर नुसता पुठ्ठा टाकणं म्हणजे बॅगेचे पैसे पाण्यात. एक्सपोर्ट असेल आणि लाकडी पॅलेट असेल तर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का बघून घ्या, लाकूड तापवून घेतलेलं असेल तर ते आतपर्यंत ५६ डिग्रीला निदान ३० मिनिटं तापलेलं असावं लागतं, शिक्का नसेल तर परदेशातल्या पोर्टवर अख्खा कंटेनर अडकतो.

रिकाम्या बिनचं गणित कोणी करत नाही आणि मग महिनाअखेरीला माल तयार, बिन नाहीत. सोपं आहे. आपल्याकडे भरायला आणि पडून राहायला २ दिवस, रस्त्यात १, कस्टमरकडे ३, रिकामे परत यायला २, धुवायला १, झाले ९ दिवस. रोज २५ बिन जात असतील तर २२५ फिरते पाहिजेत, वर तुटफूट आणि गहाळ धरून २५० तरी ठेवा. आणि पर्यायी म्हणून पुठ्ठ्याच्या बॉक्सचं पॅकिंग आधीच मंजूर करून ठेवा, ऐनवेळी मंजुरी मिळत नाही.

आता लेबल, माझा घसा या विषयावर कायम कोरडा पडतो. एक किस्सा सांगतो. आमचा एक ब्रॅकेट होता, एलएच आणि आरएच, म्हणजे डावा आणि उजवा, लांबून दिसायला सारखेच. कस्टमरकडून रिकामे बिन परत यायचे त्यावर जुनं लेबल तसंच, आणि आमची पोरं त्याच्या शेजारी मोकळ्या जागेवर नवीन चिकटवायची. एका बिनमध्ये आरएच भरला, नवीन लेबल बरोबर, पण स्कॅनरनं शेजारचं जुनं एलएच वाचलं. बिन गेला एलएचच्या स्टेशनला. साधारण पाऊण तास लाइन उभी, संध्याकाळी डेबिट नोट (नुकसानीचे पैसे कापल्याचा कागद), दुसऱ्या दिवशी मला आणि क्वालिटी मॅनेजरला तिकडे उभं करून हजेरी घेतली. चूक आमची होती, भांडायला तोंडच नव्हतं. तेव्हापासून नियम असा की रिकामा बिन गेटमधून आत आला की तिथेच लेबल खरवडून काढायचं, भरायच्या टेबलापर्यंत जुन्या लेबलचा बिन पोचताच कामा नये. आणि चिकटवायचं लेबल बंद करून बिनला कार्ड पॉकेट लावले, कस्टमरनं मान्य केलं. लेबल छापायला थर्मल ट्रान्सफर प्रिंटर घ्या, ए४ कागदावर लेझर प्रिंट काढून सेलोटेप मारलेलं लेबल तेल लागलं की वाचत नाही. युरोपियन कस्टमर असेल तर ओडेटच्या किंवा जर्मन व्हीडीए ४९०२ च्या नमुन्याचं लेबल, नाहीतर नवीन ग्लोबल ट्रान्सपोर्ट लेबल व्हीडीए ४९९४ मागतो, कुठली फील्ड कुठे हे ठरलेलं असतं, आपल्या मनानं लोगो मोठा करू नका.

एएसएन गाडी गेटबाहेर पडताना जायला पाहिजे. आपल्याकडे काय होतं, गाडी निघते, ड्रायव्हरचा फोन येतो की पोचलो, गेटवर एएसएन मागतायत, मग इकडे कॉम्प्युटरवर बसून खटाखट. तोपर्यंत तिकडचा स्लॉट गेला. मी तर एएसएन नंबर गेट पासवर लिहिल्याशिवाय वॉचमननं गाडी सोडायची नाही असं करून टाकलं. पहिले आठ दिवस शिव्या खाल्ल्या, नंतर बसलं.

ई वे बिलाचं, म्हणजे माल रस्त्यानं नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचं थोडक्यात, राज्याबाहेर ५०,००० रुपयांच्या वर, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर, साध्या गाडीला २०० किलोमीटरला एक दिवस मुदत, गाडी बंद पडून दुसरी लावली तर पार्ट बी, म्हणजे गाडीच्या माहितीचा भाग, बदलायचा. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल. हे अकाउंट्सवाल्याला माहीत असतं, पण रात्री दोनला गाडी घाटात बंद पडते तेव्हा अकाउंट्सवाला झोपलेला असतो, म्हणून पोर्टलचं लॉगिन नाइट शिफ्टच्या डिस्पॅचवाल्यालाही द्या आणि त्याला एकदा करून दाखवा. आणि चाकणच्या कस्टमरचा टाइम स्लॉट असेल तर गुगलचा टाइम धरू नका राव, तळेगाव चौकात सकाळी जो अडकलाय त्यालाच माहिती.

फिफो म्हणजे भिंतीवर बोर्ड नव्हे. महिन्याप्रमाणे रंगीत टॅग, उताराचे रोलर रॅक असतील तर मागून भरा पुढून काढा, नसतील तर जमिनीवर पट्टे मारून लेन करा. इथे एक बारीक खाच आहे, रीवर्क म्हणजे दुरुस्त होऊन आलेला माल. तो आज स्टोअरला आला म्हणून आजची तारीख लागते, खरं तर त्याची मूळ तारीख आणि मूळ बॅच राहिली पाहिजे. ऑडिटर हुशार असेल तर थेट रीवर्कच्या रॅककडेच जातो. ट्रेसेबिलिटीही तशीच, कोल्हापूरच्या फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचा हीट नंबर, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचा नंबर, बॅच कार्डवर, तिथून लेबलवर, म्हणजे उद्या एखाद्या हीटमध्ये ब्लो होल (आतली हवेची छिद्रं) निघाले तर कुठल्या इनव्हॉइसमध्ये कुठले बिन गेले हे तासाभरात सांगता आलं पाहिजे. प्लेटिंगला बाहेर पाठवला की इथेच साखळी तुटते, दोन हीटचा माल प्लेटिंगवाला एकाच बॅरलमध्ये टाकतो, त्याच्याकडे जाऊन बघा.

प्रीमियम फ्रेट, म्हणजे आपल्या किंवा कस्टमरच्या चुकीनं टेम्पोऐवजी विमानानं नाहीतर अर्धी रिकामी स्पेशल गाडी करून पाठवलेला माल. पैसे कस्टमरनं दिले तरी नोंद ठेवायची. बरेच जण रजिस्टर कोरं ठेवतात आणि वाटतं छान दिसतंय, पण ट्रान्सपोर्टरची बिलं अकाउंट्समध्ये सापडतात ना.

आणीबाणीचा प्लॅन लिहिताना १ फेब्रुवारी १९९७ आठवा, जपानमध्ये कारिया इथे टोयोटाला पार्ट पुरवणाऱ्या आयसिनच्या प्लांटला आग लागली. ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह, टोयोटाकडे त्याचा जेमतेम काही तासांचा स्टॉक, आणि टोयोटाचे जपानमधले जवळजवळ सगळे प्लांट काही दिवस थांबले. सावरले कसे, तर ड्रॉइंग इतरांना वाटली आणि शिलाई मशीनवाल्या ब्रदरसारख्या कंपनीनंही ते व्हॉल्व्ह करून दिले. आता स्वतःला विचारा, तुमचं ड्रॉइंग, फिक्स्चरचा डेटा, सीएनसी प्रोग्रॅम शॉपच्या बाहेर कुठे आहे का, का एकाच कॉम्प्युटरवर? प्लेटिंगवाला एकच आहे का? आयएटीएफ हा प्लॅन वेळोवेळी टेस्ट करायला आणि वर्षातून निदान एकदा त्याचा रिव्ह्यू करायला सांगतं, तर खरंच एकदा ईआरपी सर्व्हर दोन तास बंद करा आणि हातानं चलन, लेबल काढून गाडी सोडून बघा. आम्ही केलं तेव्हा कळलं की कोऱ्या लेबलचा रोलच स्टोअरमध्ये नाही.

सेल्फ असेसमेंट भरताना स्वतःला शंभर टक्के देऊ नका, शंभर दिसले की कस्टमरचा माणूस दुसऱ्याच आठवड्यात दारात. प्रत्येक "हो"च्या समोर पुरावा कुठे आहे ते लिहा, आणि "नाही"च्या समोर कोण, कधीपर्यंत, काय करणार. तारखा पाळता येतील अशाच टाका. ऑडिटच्या आधीच्या आठवड्यात फाईल रंगवत बसण्यापेक्षा डिस्पॅचला जा, भरलेला कुठलाही एक बिन उघडा, नग मोजा, लेबल स्कॅन करा, बॅच कार्ड काढा, सिस्टिममधला स्टॉक बघा. रोज एक बिन, आणि ज्या दिवशी आकडा जुळला नाही त्या दिवशी त्या शिफ्टच्या माणसाला ओरडायच्या आधी विचारा की नेमकं कुठे चुकलं, तोच सांगेल की सेपरेटर संपले होते आणि त्यानं दोन थर एकावर एक रचले.